आमच्या मशीनची अक्षरं

पोरीला टायपिंगच्या क्लासात घालायचं नाही, हे मीच ठरवलं होतं. घरी गाय बांधलेली असताना शेजारणीकडून दूध कोण आणते? वंदनाचे आजोबा पांढुर्ण्याच्या कचेरीसमोर तीस वर्षं लोकांचे अर्ज टाइप करत बसले. ते गेले आणि त्यांची हिंदी मशीन घरी आली, चांगली तेलपाणी केलेली. मग आमच्या पोरीनं दुसऱ्याच्या बाकावर जाऊन काहून बसावं?

वंदना माझ्या लेकाची पोरगी. ती बी.ए. झाली तेव्हा तिच्या आईनं, शकुंतलेनं, सांगून टाकलं की एक वर्ष देते. नोकरी लागली तर ठीक, नाहीतर पाहुणे बोलावते. शकुंतला बोलते कमी आणि करते पक्कं, शेवटी सून माझीच आहे. सौंसरच्या कचेरीत टाइपिस्टच्या जागा निघणार होत्या, पण आधी सरकारी परीक्षेचा कागद पाहिजे होता. परीक्षा छिंदवाड्याला.

पोरगी आठ महिने ओसरीत मशीनपुढे बसली. बटणांकडे न पाहता मारायला लागली. मी पलीकडे मिरच्यांचे देठ खुडत बसायची. माझी शाळा चौथीत सुटली, पण कान शाबूत आहेत. तिचा हात आजोबांसारखाच चाले. टकटक टकटक, मग जरासा दम, मग एकच टक. ते घरी काम आणत तेव्हा हाच आवाज यायचा. मला वाटे, रक्ताचा गुण आहे.

परीक्षेला महिना उरला तेव्हा श्रीकांत मास्तर आले. बाजारात त्यांचा टायपिंगचा क्लास आहे. म्हणाले, एक दिवस वंदनाला पाठवा, घड्याळ लावून सराव होईल. मी म्हटलं, बघू द्या मास्तरांना घरी शिकलेली पोरगी. चांगलं लुगडं नेसून मीही सोबत गेले.

सगळ्यांत आधी वंदनाचाच कागद संपला. मास्तरांनी तो उचलला, दूर धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. एक शब्द धड नव्हता. पोरीनं तेव्हा पहिल्यांदा खाली बटणांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. या मशीनवरची अक्षरं आमच्या मशीनसारखी नव्हतीच.

मास्तर आमच्या घरी आले, सोबत मशीनी दुरुस्त करणारा देवीदास. देवीदासनं एकेक दांडी उचलून पाहिली आणि म्हणाला, हे काम माझ्या बापाच्या हातचं आहे. मग मला आठवलं. वंदनाच्या आजोबांची उजव्या हाताची दोन बोटं जवानीत कडब्याच्या कुट्टी मशीनमध्ये सापडली होती, ती पुढं वळली नाहीत. म्हणून यांनी, हे मला तेव्हाच कळलं, जास्त लागणारी अक्षरं धड बोटांखाली घेतली होती आणि क्वचित लागणारी त्या दोन बोटांकडे टाकली होती. ठसे काढून दुसऱ्या दांड्यांवर डाख लावून बसवले होते. सोय आपल्यापुरती केली आणि त्यातच तीस वर्षं निघाली. मला वाटलं होतं, साऱ्या दुनियेच्या मशीनी अशाच असतात.

मास्तर म्हणाले, "अंबाबाई, पोरीचा हात फार चांगला आहे. पण तुमची मशीन आणि जगाची मशीन एक नाही."

"मग जगाची बदला," मी म्हटलं.

मास्तर हसले नाहीत. देवीदास म्हणाला, एका दिवसात अक्षरं जागेवर आणून देतो. पण महिनाभरात पोरीचा हात जुनं विसरून नवं कसं धरणार? मास्तरांनीच मग वाट काढली. परीक्षेला आपापली मशीन नेता येत होती. मी म्हटलं, आमचीच जाईल.

गोधडीत गुंडाळून नेली. सौंसरपर्यंत बस, पुढं रुळांवरची छोटी गाडी. जामसांवलीपाशी बस थांबली तेव्हा मी बसल्या जागेवरूनच हनुमानाला हात जोडले, कारण मांडीवर मशीन होती आणि ती दुसऱ्याच्या हाती द्यायची माझी तयारी नव्हती.

परीक्षेच्या खोलीत चाळीस मशीनी एकदम सुरू झाल्या. टिनाच्या छपरावर गारा पडाव्या तसा आवाज. मी व्हरांड्यात बसून होते. जरा वेळानं त्या गदारोळात मला आमची सापडली. टकटक टकटक, जरासा दम, टक. शेवटपर्यंत मी तिचं बोट सोडलं नाही.

वंदना पास झाली. पुढं सौंसरचा हुकूमही आला, दीड महिन्यानं हजर व्हायचं होतं आणि पहिले सहा महिने काम पाहून मग कायम करणार होते. मी पेढे वाटायला काढले. पोरगी मात्र तिथली कचेरी पाहून आली होती. म्हणाली, तिथं मशीनी दोन आणि माणसं तीन, जी रिकामी असेल तिच्यावर बसायचं. आणि त्या मशीनी साऱ्या जगासारख्या.

मी म्हटलं, त्यात काय, साहेबाला मी भेटते, देवीदासकडून त्यांचे ठसे बदलून घेऊ.

"आजी, त्या मशीनवर तिथल्या छायाबाई पंधरा वर्षांपासून बसून राहिल्या. माझ्या सोयीसाठी त्यांचा हात मोडू का?"

मी पेढ्यांचा डबा झाकून ठेवला.

दोन दिवस मी मशीनकडे पाहत काढले. तिसऱ्या दिवशी सकाळीच देवीदासला निरोप धाडला. तो आला आणि सामान मांडून बसला, तशी वंदना आतून धावत आली. म्हणाली, मी मास्तरांच्या क्लासात जाईन, ही मशीन आहे तशी राहू द्या.

"क्लासात जाशीलच. तिथं तुले एक तास भेटन. बाकीचे तास घरी काय करशील?"

"आजोबांची आहे न ती."

"आजोबा आता तिच्यावर बसत नाहीत. तुले बसायचं आहे." मग मी तिला मिठाचं सांगितलं. माझ्या घरात मीठ चुलीच्या डाव्या अंगाला असते, डोळे मिटून हात जातो. तिच्या आत्याकडं लोधीखेड्याला गेले की मी दोन दिवस साखरेत हात घालते. "पण म्हणून तिचं मीठ हलवायला मी कधी सांगितलं नाही."

"सांगितलं होतं तू," वंदना म्हणाली.

"सांगितलं असन. तिनं ऐकलं नाही, बरं केलं. देवीदास, लाव रे हात."

संध्याकाळपर्यंत त्यानं सारी अक्षरं जगाच्या जागी नेली. मास्तरांकडं मी संत्र्यांची टोपली पाठवली. चूक माझी होती असा निरोप त्यात नव्हता, पण मास्तर समजदार माणूस आहे.

त्यानंतरचे पंधरा दिवस ऐकवत नव्हते. पोरगी अडखळे, थांबे, कागद फाडी. हात जुन्या वाटेनं जाई आणि तोंड रडवेलं होई. मी मिरच्या घेऊन मागच्या अंगणात बसायला लागले. महिना सरला तेव्हा तिचा हात सरळ चालू लागला, न थांबता, मध्ये दम नाही.

हजर व्हायच्या दिवशी मी सौंसरला सोबत गेले. ती आत गेली आणि मी बाहेर बाकावर बसले. आत दोन मशीनी सुरू झाल्या. मी कान लावला, बराच वेळ लावला. दोन्ही सारख्याच चालत होत्या.

चपराशी आला, म्हणाला, माय, कोणाले भेटायचं आहे?

"आतल्या दोघींतली एक माझी आहे," मी म्हटलं. "कोणती ते समजून नाही राहिलं."