येतो म्हण

मी कळ बोलतेय. पोटात येते ती नव्हे हो! मोर्सची कळ, अस्सल पितळेची. मला झटकन दाबलं की टिंब, जरा धरून ठेवलं की रेघ. त्या टिंब-रेघांची अक्षरं होतात, एरियलवरून आभाळात जातात आणि सातासमुद्रापार कुणीतरी ती ऐकतो. काम एवढंच, पण माझी ऐट काही कमी समजू नका.

जन्म माझा सांगलीचा. पुरुषोत्तमनं आपल्या लेथवर मला घडवलं आणि जिवलग मित्र शशिधर डॉक्टर होऊन विलायतेला निघाला, तेव्हा त्याच्या हातावर ठेवलं. "शश्या, पत्रं लिहायचा तुला कंटाळा. हिच्यावर बोलत जा." तेव्हापासून मी डॉक्टरांच्या बोटाखाली, इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकला.

दर रविवारी सकाळी डॉक्टर चहाचा मग घेऊन मागच्या खोलीत रेडिओसंचापुढे बसायचे आणि माझ्यावरून सांगलीच्या पुरुषोत्तमशी बोलायचे. बागेतल्या सफरचंदाच्या झाडापासून धुराड्यापर्यंत एरियलची तार ताणलेली. "बसले बघा सवतीजवळ!" लीलावतीबाई, म्हणजे डॉक्टरांची बायको, हसून म्हणायच्या. त्या गेल्या आणि घर खायला उठलं. आठवडाभर डॉक्टरांशी मराठीत बोलायला कुणी नाही. पोस्टमन 'मॉर्निंग' म्हणे, तेवढाच काय तो शब्द. मग रविवार उजाडला की म्हाताऱ्याच्या बोटांत जीव यायचा, मला कळायचं ते.

तिकडे पुरुषोत्तमचे कान गेले. पण तो कसला गप्प बसतोय! स्पीकरवर बोटं टेकवून थरथर वाचायला लागला.

"बाबा, सिंपल मेसेज करा ना," डॉक्टरांचा मुलगा अनुप म्हणायचा.

"मेसेजला हात नसतो रे."

खरंच आहे. मला दाबायची प्रत्येकाची लकब वेगळी. पहिल्या दोन अक्षरांतच पुरुषोत्तम ओळखायचा, शशी आला म्हणून.

बोलणं संपवताना रेडिओवाले जगभर एक ठरलेला आकडा पाठवतात. या दोघांचं आपलं वेगळंच. इंग्रजी अक्षरांत 'येतो' पाठवायचं आणि उठायचं. निघताना आपल्यात 'जातो' म्हणतं का कुणी?

यंदा डॉक्टर जिन्यावरून पडले. अनुपनं घर विकलं आणि त्यांना स्लाऊच्या आपल्या फ्लॅटवर न्यायचं ठरवलं. पोरगा गुणी आहे, खोटं कशाला बोलू? पण त्या बिल्डिंगला एरियल अलाउड नाही. म्हणजे तो रविवार शेवटचा. पुरुषोत्तमचा धड निरोप घ्यायचा, एवढंच डॉक्टरांच्या मनात होतं.

बराच वेळ नुसती खरखर. एरियलची तार उतरवायला अनुप बागेत शिडी लावून थांबलेला. शेवटी पुरुषोत्तम सापडला, अगदी क्षीण. डॉक्टरांनी सगळं सांगितलं. आणि मग माझ्यावर अक्षरं उमटली, 'जातो'.

मी चरकले! चूक म्हणावी, तर हात जरासुद्धा कापला नव्हता.

तिकडून ताबडतोब आलं, 'येतो म्हण.'

डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला.

'शश्या, येतो म्हण.'

डॉक्टरांचं बोट माझ्यावर होतं, पण दाबवेना. डोळे वाहत होते. अहो, दाबा की, मी आतल्या आत ओरडत होते. शेवटी त्यांनी 'येतो' पाठवलं खरं, पण तोवर आभाळातल्या लहरी क्षीण होऊन तुटल्या होत्या. पुन्हा पाठवलं. पुन्हा. खरखरीशिवाय काही नाही.

"बाबा, हा कळ पण पॅक करायचा?" अनुपनं दारातून विचारलं. हा कळ म्हणे! एरवी मी चिडले असते. त्या दिवशी चिडायचंही सुचलं नाही.

स्लाऊला आल्यावर अनुपनंच बापाच्या वतीनं मेसेज केला, 'येतो.' पुरुषोत्तमचं उत्तर आलं, 'हे कुणीही लिहील. शशीचा हात मी ओळखतो.'

आता मी खिडकीच्या फळीवर असते. माझ्या तारा कशालाच जोडलेल्या नाहीत. तरी रविवारी सकाळी डॉक्टर खुर्ची ओढतात, बोट ठेवतात आणि सावकाश 'येतो' वाजवतात. टक्टक् होते, ती या खोलीतच राहते.

जरा कळ काढ, असं माणसं एकमेकांना सांगतात. मी कळच, मी आणखी किती काढू? अनुपराव, खिडकीबाहेर चार हात तार सोडा हो, कुणाला दिसणार नाही. तिकडे सांगलीत माझा बाप अजून मुक्या स्पीकरवर बोटं टेकवून बसत असेल.