पोरं गेल्यानंतरची मैत्रीण

बारकीची दोन्ही पोरं एकाच आठवड्यात वसतिगृहावर गेली, आणि सोमवारी अकराच्या ठोक्याला बारकी आपल्या मैत्रिणीच्या चष्म्यांच्या दुकानात हजर झाली. बारकी हे शाळेतलं नाव. आता अंगानं चांगली भरली होती. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून ती पोरांबद्दल बोलत सुटली. मंगळवारीही आली. बुधवारीही.

चष्मेवालीला आधी बरं वाटलं. मग मात्र साडेदहापासूनच तिचा जीव खालीवर व्हायला लागला. अठरा वर्षं तिनं या मैत्रिणीची वाट पाहिली होती. कधी पोरांना ताप, कधी परीक्षा, कधी पोहण्याचा क्लास. भेट आपली पुढे ढकललेली. आपल्याला मूल नाही, म्हणून समजून घ्यायचं कायम आपणच. शेवटी तिनं एकटीची घडी बसवली, आणि आता ही बया ती विसकटायला आली होती.

गुरुवारी बारकीच्या बोलण्याच्या नादात चष्मेवालीनं एका चष्म्याची उजवीकडची काच डावीकडे बसवली.

"झालं!" ती कडाडली. "पोरं उडाली तेव्हा माझी आठवण झाली होय गं? मी काय स्टेपनी आहे?"

बारकी मग म्हणाली, "पोरांच्या वाढदिवसांना यायचं तूच बंद केलंस. वाटलं, पोरं बघून तुला त्रास होतो. म्हणून आग्रह नाही केला."

"विचारायचंस तरी!"

"तू सांगायचंस तरी!"

बारकी पर्स उचलून गेली. शुक्रवारी आली नाही, शनिवारी नाही. चष्मेवालीनं तीनदा काउंटर पुसला, फोन उचलला, ठेवला.

रविवारी ती थेट बारकीच्या घरी गेली. बारकी फोनवर लेकीला कपडे कसे धुवायचे ते सांगत होती. चष्मेवाली दारातच घुटमळली. परत फिरावं, असं मनात आलंच.

"ठेव आता, मावशी आलीय," बारकी म्हणाली. "हो, पांढरे वेगळे. ठेव!"

चष्मेवालीनं उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "त्रास पोरांचा नव्हता. तुम्ही सगळ्या आया आपसात बोलायचात, आणि माझ्या हातात केकची बशी देऊन मोकळ्या व्हायचात."

"मला दिसलंच नाही गं," बारकी म्हणाली. तिचा चेहरा उतरला.

दोघी बसल्या. पण पोरांचा विषय सोडून बोलायचं काय, हे दोघींनाही सुचेना.

"चल, बाहेर पडू. आणि दुकानात रोज नको येऊस. मंगळवार-शुक्रवार ये."

"बाकीचे दिवस मी काय करू?"

चष्मेवाली दाराकडे निघाली. बारकी चपला शोधायला लागली.