आवाज बंद केलेली बाई

फोटो आधी ऋतिकाने पाहिला. तिने फोन आईपुढे धरला. वसुंधरा तेव्हा ओट्याशी डाळ निवडत होती. फोटोत तीच होती: बोळिंजच्या भाड्याच्या फ्लॅटच्या दारात, घरातल्या गाऊनमध्ये, हातात धान्याची पिशवी आणि मास्क हनुवटीवर ओढलेला. खाली लिहिलं होतं, ‘पडद्यामागच्या उपाशी हातांना आमचा हात.’ पुढे तिचं पूर्ण नाव.

“आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर आलाय हा,” ऋतिका म्हणाली आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

वसुंधराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं ती विलासराव कर्णिकांच्या नाटक कंपनीत कपडेपट सांभाळत होती. शालू, कोट, बंड्या, सगळ्यांना इस्त्री तिची. दोन प्रवेशांमधल्या काळोखात चाळीस सेकंदांत नटीची साडी बदलून द्यायची ती. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, नाट्यगृहं बंद झाली आणि शेवटच्या प्रयोगाच्या कपड्यांची पेटी तिच्याच घरी राहिली. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. तरी घरात दाणा नाही अशी वेळ आली नव्हती. शिलाई मशीन होतं, मास्क शिवून ती घर चालवत होती. पिशवी घेऊन आलेल्या माणसाला तिने नको म्हटलं होतं. “घ्या हो, विलासरावांनी प्रेमाने पाठवलीय,” तो म्हणाला, तेव्हा कुठे तिने हात पुढे केला. मग तो म्हणाला, “मास्क जरा खाली घ्या ताई, चेहरा दिसत नाही.” आणि तिने घेतलाही. हेच तिला सगळ्यात जास्त झोंबत होतं.

तिने विलासरावांना फोन लावला. “तो फोटो काढून टाका.”

“रागावू नका वसुंधराताई. तुमचा फोटो बघून किती लोक मदतीला पुढे आले. तुमच्यासारख्यांसाठीच चाललंय ना सगळं?”

“माझ्यासारख्या म्हणजे कशा?”

विलासरावांनी विषय बदलला. “रविवारी संध्याकाळी ऑनलाइन प्रयोग करतोय. सगळे आपापल्या घरून. शेवटी तुम्ही दोन मिनिटं बोला. आणि हो, ड्रायव्हर पाठवतो, पेटीतला हिरवा शालू आणि जरीचा कोट द्या त्याच्याकडे.”

फोटोचं नावही त्यांनी पुन्हा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लॉसी आली तेव्हा वसुंधराचा पारा अजून उतरलेला नव्हता. फ्लॉसी भुईगावची. तिच्या वाडीतली भाजी एरवी दादरच्या बाजारात जायची. आता ती स्वतःच स्कूटरवर टोपल्या बांधून आगाशीवरून बोळिंजला यायची आणि सोसायट्यांच्या फाटकाशी उभी राहायची. तिच्याकडे अहो-जाहो नव्हतं, सगळ्यांना अगं-तुगं. पडवळ-कारली देऊन झाल्यावर तिने वसुंधराच्या पिशवीत वरून दोन दुधी टाकले.

“हे असेच घे.”

“फोटो कुठे काढायचा?” वसुंधरा फाडकन म्हणाली. “फाटकाशी की जिन्यात? मास्क खाली घेऊ का?”

फ्लॉसीने टोपली झाकायला घेतली. “दुधी वेळेवर तोडला नाही तर वेल पुढे फळ धरत नाही. तोडलेला ठेवू कुठे? तुला नको असेल तर गाईला घालीन.” मग टोपलीचा दोर आवळत ती म्हणाली, “तुला कोणी काय केलं मला माहीत नाही. मी नाही केलं.”

वसुंधरा ओशाळली. फाटकाच्या अलीकडे ती, पलीकडे फ्लॉसी, अशा उभ्या राहून तिने सगळं सांगितलं. फ्लॉसीने समजूत घातली नाही. “मग बोल ना रविवारी,” एवढंच म्हणाली. “मी ऐकीन.”

वसुंधराने शालूला इस्त्री केली, कोटाचं निघालेलं बटण लावलं आणि दोन्ही ड्रायव्हरकडे दिले. रागाच्या भरातसुद्धा चुरगळलेला कपडा बाहेर पाठवणं तिला जमण्यासारखं नव्हतं.

रविवारी प्रयोग झाला. चौकटी-चौकटींत नट बसलेले. कुणामागे पुस्तकांचं कपाट, कुणामागे एसी. शालू झळकला. शेवटी विलासराव जरीच्या कोटात कॅमेऱ्याकडे सरकले. “आता आपल्या वसुंधराताई. यांच्या घरी चूल पेटत नव्हती. आपण पोहोचलो.”

वसुंधराची चौकट उघडली.

“नमस्कार. माझी चूल एक दिवसही विझलेली नाही. विलासराव, तुम्ही खोटं बोलताय.”

विलासरावांचं हसू तसंच राहिलं. वसुंधरा बोलत गेली. ऋतिकाने तिच्या दंडाला हात लावला. “आई, त्यांनी तुझा आवाज बंद केलाय.”

“ताईंकडे नेटवर्कची अडचण दिसते,” विलासराव म्हणाले आणि वसुंधराची चौकट नाहीशी झाली.

ती तशीच बसून राहिली. बावीस वर्षं ती अंधारात उभी राहिली होती, पण तो तिच्या कामाचा अंधार होता, तिने स्वतः पत्करलेला. आज तिला उजेडात बोलावून तिचं तोंड दाबलं होतं.

पाचच मिनिटांत फोन वाजला. फ्लॉसी होती.

“तुझं तोंड हलत होतं, आवाज नव्हता. काय म्हणत होतीस?”

“आता काय उपयोग?”

“उपयोगाचं नंतर बघू. घरातली पाच माणसं इथे बसलीत, स्पीकरवर टाकते. पहिल्यापासून सांग.”

वसुंधराने पहिल्यापासून सुरुवात केली. “मी म्हणत होते, ह्या माणसाने जो कोट घातलाय त्याचं बटण मी लावलंय. नाटक बंद झालं तेव्हा पगाराचं, पुढच्या कामाचं एका शब्दाने विचारलं नाही. पिशवी पाठवली आणि माझं तोंड उघडं करून गावभर दाखवलं. माझ्या पोरीने दोन दिवस फोन हातात घेतला नाही. मला दया नको होती. विचारायला हवं होतं मला.”

तिचं संपल्यावर फ्लॉसीच्या सासऱ्यांचा, बॅप्टिस्टबाबांचा, जड आवाज आला. “बरोबर आहे तुझं, पोरी. आता पाणी पी.”

वसुंधराला तेव्हा रडू आलं.

फ्लॉसीने त्याच दिवशी त्या कार्यक्रमाखालच्या प्रतिक्रियांत लिहिलं, ‘त्या बाईचा आवाज का बंद केला? आम्ही ऐकत होतो.’ त्याखाली भुईगावच्या सात-आठ जणांनी तेच लिहिलं. मग कंपनीच्या प्रकाशयोजनेतल्या एकाने, मग रंगभूषेतल्या दोघांनी. तिसऱ्या दिवशी फोटो गुपचूप नाहीसा झाला. माफी कुणी मागितली नाही. ड्रायव्हर येऊन उरलेली पेटीही घेऊन गेला आणि विलासरावांनी तिला पुन्हा कधी बोलावलं नाही. त्याबद्दल तिने त्यांना माफ केलं नाही, आजही केलेलं नाही.

मे महिन्यात फ्लॉसी फाटकाशी म्हणाली, “आमच्याकडे मुलं रविवारी फोनवर नाटक करतात. घरात अडकलेल्या म्हाताऱ्यांसाठी. राजा आहे, पण राजाला अंगावर घालायला काही नाही. शिवशील का? विचारतेय. नाही म्हटलंस तरी भाजी मिळेल.”

वसुंधराने जुन्या जांभळ्या पडद्याचा पायघोळ झगा शिवला, किनारीला ऋतिकाच्या ओढणीची जर लावली आणि फ्लॉसीच्या टोपलीतून भुईगावला पाठवला. रविवारी मायलेकी वसुंधराचा फोन उभा करून बसल्या. राजा म्हणजे फ्लॉसीची दहा वर्षांची डायना. ती दरबारात आली, हात उंचावला, आणि झगा एका खांद्यावरून घसरायला लागला.

वसुंधराने ऋतिकाचा फोन ओढून घेतला आणि फ्लॉसीचा नंबर लावला.

“खांद्याला पिन कोणी लावली?” ती कडाडली. “आडवी लावलीय. उभी लावतात, आतून. ती पोरगी हात हलवणार हे कळत नाही?”

“मीच लावली गं,” फ्लॉसी कुजबुजली. “थांब, चालू नाटकात कशी जाऊ?”

“रांगत जा,” वसुंधरा म्हणाली. “दिसायचं नाही.”