देशमुखांचा खांब, मास्तरांची शाळा

मी मल्लखांब बोलतोय. उमापूरच्या शाळेतला. लाकडाला कसलं आलंय कुतूहल, असं तुम्हाला वाटेल. पण ज्याला जागचं हलता येत नाही, त्याच्याएवढा चौकस दुसरा कुणी नसतो. माझ्या अंगावर चढणारी पोरं घंटा झाली की एका खोलीत जाऊन बसायची आणि तासन् तास बाहेर यायची नाहीत. तिथं ती नेमकं करतात काय, हे कोडं मला लई दिवस छळत होतं.

माझा जन्म किनवटकडच्या रानातला. उमापूरच्या भगवानराव देशमुखांनी आपल्या बैठकीच्या खांबांसाठी सागाचे ओंडके गाड्यांवर घालून आणले, त्यातला मी एक उरलो. निजामाचं राज्य होतं. देशमुखांची ऊठबस थेट तालुकेदारापर्यंत, म्हणजे जिल्ह्याच्या मोठ्या साहेबापर्यंत. गावात सरकारी शाळा नुकतीच निघालेली, तिला आपल्या नावानं काहीतरी द्यावं असं त्यांच्या मनानं घेतलं. सुतारानं मला तासला, खाली जाड आणि वर निमुळता केला, मान कोरली, डोक्यावर लाकडी बोंड ठेवलं. शाळेच्या अंगणात खड्डा खणून मला उभा केला, भोवती नदीची वाळू पसरली.

शिकवायला धोंडीराम वस्ताद आले. अंगानं दांडगे, पण पोराला हात लावायचे तो तान्ह्या बाळाला लावावा तसा. रोज सकाळी ते मला एरंडेल चोळायचे. पोरं यायची, घसरायची, वाळूत पडायची, पुन्हा यायची. कुणाच्या हाताला कांद्याचा वास, कुणाच्या अंगाला धुराचा. हातावरून मी माणूस ओळखायला शिकलो.

त्यात सिदूचे हात निराळे होते. सिदू म्हणजे बायनाबाईचा एकुलता एक. बाप लहानपणीच गेलेला. आई देशमुखांच्या गोठ्यात शेणपाणी करायची. पहिल्याच दिवशी त्यानं मला मिठी मारली आणि सरसर वर गेला. बोंडाला पायांची अढी घातली, म्हणजे पायांनीच घट्ट धरलं, आणि हात सोडून खाली लोंबकळला. वस्तादांनी नुसतं “अरे!” म्हटलं.

देशमुखांच्या कानावर गेलं. त्या दिवसापासून सिदूचा वर्ग सुटला. देशमुखांचा गडी रोज हाजरी झाली की वर्गाच्या दारात उभा राहायचा आणि सिदूला बाहेर काढायचा. बाकीच्या पोरांनाही वाळूत यायची बंदी झाली. सगळी सकाळ सिदू एकटा माझ्यावर. मला अर्थात बरं वाटायचं. कुणाला वाटणार नाही? शाळेचे मुख्य मास्तर बद्रीनाथ दारात उभे राहून बघायचे, ओठ हलवायचे आणि आत जायचे. देशमुखांना कोण बोलणार?

मग तालुकेदारसाहेबांचा दौरा आला. अंगणात जाजम पसरलं, सगळं गाव जमलं. सिदूनं त्या दिवशी माझ्यावर जे केलं ते मी आजवर कुणाला करताना पाहिलेलं नाही. सापासारखा वळला, वाऱ्यासारखा फिरला, शेवटी बोंडावर एका पायावर उभा राहून सलाम केला.

“वाह!” साहेब उठून उभे राहिले. “कौनसी जमात में पढ़ते हो, बेटा?”

इयत्ता विचारल्यावर सिदूनं मास्तरांकडं बघितलं. साहेबांनी बक्षीस म्हणून मराठीचं एक नवंकोरं पुस्तक मागवलं, सिदूच्या हातात दिलं आणि कौतुकानं म्हणाले, “लो, पढ़के सुनाओ.”

सिदूनं पुस्तक उघडलं. बोट ठेवलं. पुढं काही नाही.  तेवढ्यात देशमुख मोठ्यानं हसले. “हुजूर, हे आमचं पाखरू हाय. पाखराला वाचून काय करायचंय?”

सगळे हसले. साहेबही हसले. सिदू माझ्याशी येऊन टेकला. त्याच्या पाठीचा घाम मला लागला. पोरांचा घाम मी जन्मभर प्यालो, पण इतका गार घाम कधीच नव्हता.

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ मास्तर कुदळ घेऊन आले. “ही शाळा आहे, तमाशाचा फड नाही,” एवढंच म्हणाले आणि स्वतः खणायला लागले. मला उपटून वर्गाच्या खिडकीखाली आडवा टाकला. देशमुखांची हौस दौऱ्यापुरती भागली होती, त्यांनी तेव्हा लक्ष घातलं नाही.

खोटं कशाला सांगू, मला राग आला नाही. खिडकीखाली पडलो म्हणजे खोलीतलं सगळं आता ऐकू येणार होतं! केवढी नवलाई ती. पाढे ऐकले. गोदावरी कुठून निघते ते ऐकलं, आणि ती शेवटी समुद्राला मिळते हे ऐकून तर मी दिवसभर त्याच विचारात होतो. कुठलं किनवटचं रान, कुठलं उमापूर. जग एवढं मोठं असेल असं मला वाटलंच नव्हतं. मला वाटलं, पोरं इथं येतात ते बरोबरच आहे.

पण हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. दुपारनंतर पाढ्यांचा आवाज बसत जायचा. पोरं जांभया द्यायची, मास्तर छडी आपटायचे, आवाज घटकाभर चढायचा, पुन्हा बसायचा. आणि त्या आवाजांत सिदूचा आवाज नव्हता. त्याला बारक्या पोरांत बसवलं होतं. चार दिवस आला, मग यायचा बंद झाला.

एका दुपारी बायनाबाई आली. हात शेणानं भरलेले, दाराबाहेरच उभी राहिली.

“मास्तर, माझं लेकरू शाळंत का म्हून येत न्हाई, ठावं हाय का तुमाला?”

“बाई, मी त्याच्या भल्यासाठीच खांब काढला. त्या दिवशी त्याची काय शोभा झाली, पाहिलीत ना?”

“पाह्यली. भलंच केलं तुमी. पन त्याला एक गोष्ट चांगली येत हुती, तीबी काढून घेतली. आता त्याला कायीच येत न्हाई. मंग कंच्या तोंडानं येईल त्यो?”

 बायनाबाई गेल्यावरही मास्तर दारात उभेच होते.

शाळा सुटल्यावर ते सिदूला घरून घेऊन आले आणि माझ्यावरच बसले. सिदू खाली मान घालून उभा.

“सिदू, एक विचारू? तू वर उलटा लोंबकळतोस तेव्हा काय दिसतं रे?”

पोरगं चपापलं. मास्तरांनी त्याला असलं काही कधी विचारलं नव्हतं. “मानसं आभाळाला लटकल्यावानी दिसत्यात.”

“आणि मी?”

“तुमीबी.” सिदूला हसू आलं. “पन तुमची टोपी पडत न्हाई.”

मास्तर खो खो हसले. मग काटकी उचलून त्यांनी जमिनीवर एक अक्षर काढलं. “उलट्यातला उ. हा बघ.”

सिदू वाकला. मीही बघत होतो. अक्षर म्हणून जे काही असतं ते मी पहिल्यांदाच बघत होतो. सिदूनं त्याच्यावरून बोट फिरवलं आणि एकदम म्हणाला, “मास्तर, ह्यानं तर अढी घातलीया!”

“कुणी?”

“ह्या उ नं. हे बघा, पाय मुडपून बसलाय.”

 मग मास्तरांनी ट काढला, ल काढला. सिदूनं प्रत्येकाची पकड सांगितली. अंधार पडून अक्षरं दिसेनाशी होईपर्यंत दोघं तिथंच होते.

त्या आठवड्यात मास्तरांनी मला पुन्हा उभा केला. पण रीत बदलली. सकाळी सगळे वर्गात, सिदूसुद्धा. जांभयांची वेळ झाली की सगळे वाळूत. लठ्ठ पोरं, काडीसारखी पोरं, पडणारी, रडणारी, सगळी. धोंडीराम वस्ताद म्हणाले, “आता कुठं शाळंत आल्यावानी वाटतंय.” आणि संध्याकाळच्या वाचनाला आवाज कसा लागायचा म्हणता!

ही गोष्ट देशमुखांना रुचली नाही. पुढच्या दौऱ्याची वर्दी आली होती. ते स्वतः शाळेत आले. “मास्तर, उद्यापासून सिदूला दिवसभर सोडायचं.”

या वेळी बद्रीनाथ मास्तर आत गेले नाहीत, बोलले. “शाळेच्या वेळेत सिदू वर्गात बसेल, रावसाहेब.”

“खांब माझा हाय.”

“न्या.”

गाडी आली, सोबत गोठ्यातली माणसं, त्यांत बायनाबाईही. मला उपटून तिच्यावर चढवलं. देशमुखांनी सिदूच्या खांद्यावर हात ठेवला. “तूबी चल. दोन टाइम जेवन, नवं धोतर. खांबबी तिथंच ऱ्हाईल.”

सिदूनं मला मिठी मारली. मला वाटलं, हा येणार. त्यानं आईकडं बघितलं. बायनाबाई देशमुखांच्याच गोठ्यात राबणारी बाई, तिनं मालकासमोर पदर सावरला आणि म्हणाली, “घंटा झाली न्हवं? जा की.”

सिदूचे हात सुटले. तो खोलीत गेला. मागं वळून बघितलं नाही, ते बरंच झालं.

आता मी देशमुखांच्या गोठ्यात कडब्याचा भार धरून आडवा आहे. दौऱ्यात काही झालं नाही, कारण दाखवायला कुणी नव्हतं. बायनाबाईला कामावरून काढलं नाही, पण देशमुख तिच्याशी बोलत नाहीत. तिला त्याचं काही नाही. ती बैलांशी बोलते, आणि मला सगळं कळतं. गावकऱ्यांनी शाळेत लिंबाचा वाकडातिकडा खांब उभा केलाय. वस्ताद बिदागी न घेता जातात. सिदू पुढच्या बुकात, म्हणजे वरच्या वर्गात गेला.

काल ती शेण भरताना एकटीच हसत होती. बैलाला म्हणाली, “ऐकलं का रं? पोरांनी मास्तरांनाच खांबावर चढीवलं. निम्म्यावर गेले अन आपटले वाळूत! पोरं हसली, मास्तरबी हसले. अन टोपी पडली एकदाची.”

तर बाबांनो, आवडतं काय नि उपयोगाचं काय, हा वाद तुमचा तुम्ही मिटवा. मी दोन्हीकडचं ऐकलंय, मला निवडता येत नाही. एवढंच सांगतो, लेकरांसाठी भिंती उभ्या कराल तेव्हा बाहेर थोडी वाळू टाकायला विसरू नका. पडायला जागा लागते. मास्तरांनासुद्धा.