सुपातली गाडी

२०२२ सालच्या दिवाळीनंतर कोंडाबाईची गाडी रोज संध्याकाळी पाच वाजता खड्ड्यात पडू लागली.

गाडी मोबाइलमधली. नात बुद्धप्रिया नर्सिंग शिकायला नांदेडला गेली, ती आपला जुना मोबाइल शर्यतीच्या खेळासकट आजीला देऊन. मोबाइल ज्या अंगाला कलवावा, त्या अंगाला गाडी वळायची. ब्रेकपुरतं बोट लावायचं. होस्टेलातून नात आणि तिच्या खोलीतली शीला, लातूरहून आजी, अशी तिघींची टोळी. शेवटची गाडी पोचली की टोळी पोचली. नुसत्या फोनवर ‘जेवलीस का’च्या पुढं आजी-नातीला काही सुचायचं नाही. खेळता खेळता मात्र मेसची भाजी, पेपर, घरची आठवण, सगळं निघायचं.

पण कोंडाबाईच्या हातांना कंप सुटला होता. एकदा शर्यत संपली आणि मोबाइलमधून शीलाचा आवाज आला.

“तुझी आजी रोज हरवून राहिली आपल्याला. दुसरं कुणी घे ना!”

बुद्धप्रियानं तिला टोकलं नाही, खेळ बंद केला. कोंडाबाईला तेच लागलं.

दुसऱ्या दिवशी शेजारची पार्वतम्मा आली. दोघींनी तीस वर्षं एकाच डाळमिलमध्ये डाळ निवडली होती.

“हात ऱ्हाईना गं माझा,” कोंडाबाई म्हणाली. “ह्यो खेळ सुटला की पोरगी बी सुटली बघ.”

“मिलमधी तुझ्या सुपातला एक खडा कधी सुटला न्हाई, अन् आता हात ऱ्हाईना म्हणती!”

कोंडाबाई उठली, तिनं खुंटीवरचं सूप काढलं, मोबाइल त्यात ठेवला आणि डाळ घोळावी तसं सूप घोळून पाहिलं. सुपाला पंजे नुसते धरायला लागतात. काम खांदे करतात. खांदे अजून शाबूत होते.

“अगं, रिकामं सूप हलवू नये!”

“मी न्हाई मानत असलं.”

“मी मानते की!”

मैत्रिणीसाठी कोंडाबाईनं मूठभर तूरडाळ टाकली. मोबाइल डाळीत रुतून बसला, घसरेना. पण आता दोन्ही हात गुंतले.

“बरेक तू दाब,” ती म्हणाली. “मी ‘हं’ म्हणलं की दाब.”

पाच वाजले.

“आजी, तिकडं पाऊस पडून राहिला का?” शीलाचा आवाज आला.

“डाळ हाय ती. तू गाडीकडं बघ.”

गाडी सगळ्यांच्या मागून पोचली, पण एकदाही पडली नाही.

“आज आजीच्या जागी कोण होतं?” शीलानं थट्टेनं विचारलं.

“आजीच हाय! बरेक माझा हाय!” पार्वतम्मा सुपात तोंड घालून ओरडली.

बुद्धप्रिया हसत सुटली. “उद्या पाचला, आजी,” ती म्हणाली.

पुढं दोन वर्षं हे चाललं. शीला लग्न होऊन अर्धापूरला गेली. बुद्धप्रिया नांदेडच्या एका दवाखान्यात नर्स झाली. कोंडाबाई गेल्या मार्चमध्ये वारली. तिचं सूप आणि मोबाइल पार्वतम्मानं मागून घेतला आणि ती देगलूरला लेकाकडे राहायला गेली.

सुटीच्या दिवशी पाच वाजता बुद्धप्रिया तिला खेळात घेते. पार्वतम्माला गाडी वळवता येत नाही, फक्त ब्रेक येतो. पहिल्या वळणाआधीच ती गाडी थांबवते. बुद्धप्रिया आपली गाडी शेजारी आणून उभी करते, आणि दोघी तिथंच बोलत राहतात.