मागे राहिलेला कंस

मी एक जुना कंस आहे. शिशाचा, बोटाच्या पेराएवढा. नगरच्या एका छापखान्यात मी पंधरा वर्षं चाकरी केली. मित्रांनो, गणित छापायचं तर आमची जोडीच लागते. माझा जोडीदार कंस उघडतो आणि मी तो मिटवतो. एकट्या कंसाला कुत्रंसुद्धा विचारत नाही!

आम्हांला जुळवणारा गिदोनमामा भिंगारहून सायकलीवर येई. खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. बीजगणितात काही बदलायचं झालं, की तो उघडत्या कंसावर बोट ठेवी आणि मधले आकडे ओलांडून थेट मिटत्या कंसावर येई. जोडी जुळली की म्हणे, "बसलं!" ते ऐकून मला धन्य वाटे. पुढे त्याचे डोळे अधू झाले. छापखान्याच्या मालकांना, शेठना, कळू नये म्हणून तो बोटांनीच वाचू लागला.

१९७२ साली एका शाळेची प्रश्नपत्रिका आली. कंसात कंस असलेली गणितं, आणि आमच्याकडे सगळेच कंस गोल. ऐन वेळी मास्तरांनी एक आकडा बदलायला सांगितला. मामानं मला चिमट्यानं उचलून कडेला ठेवलं, आकडा बदलला आणि सवयीनं बोट पुढे सरकवलं. बोट लागलं ते आतल्या मिटत्या कंसाला! "बसलं!" तो म्हणाला, आणि ओळ सैल वाटली म्हणून माझ्या जागी कोरा तुकडा ठोकून मोकळा झाला. मी लाख ओरडलो असतो, पण शिशाला कुठली वाचा? त्याच्या बाहीचा धक्का लागला आणि मी खिळ्यांचे खण ठेवायच्या घोडीखाली जाऊन पडलो.

दहा वाजता पहिला कागद निघाला आणि राधाकृष्णशेठ कडाडले, "कंस उघडलाय, मिटवलाय कुठं? गिदोन, तुला दिसत नाही हे कबूल कर की!"

"दिसतंय, शेठ. हितंच पडला असंल. सापडंल."

कंसांचा खण रिकामा होता. होते नव्हते ते सगळे त्याच प्रश्नपत्रिकेत लागले होते. बारा वाजता शाळेचा शिपाई येणार होता.

शेठ म्हणाले, "तोवर सापडला तर ठीक. नाही तर उद्यापासून घरी बस."

साठीला टेकलेला मामा गुडघ्यांवर बसून फरशी चाचपू लागला. कागदांना घड्या घालणारी मार्था म्हणाली, "मामा, मी बघू का?"

"तू तुझं काम कर गं!" शेठ खेकसले. ती मान खाली घालून बसली. बाकीचे गालातल्या गालात हसत होते. मामाचं बोट अगदी माझ्याजवळ आलं. त्याच्या नखातली शाई मला दिसली. आणि ते उलटं वळलं. मित्रांनो, इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

शेवटी शेठनी प्रत्येक कागदावर टाकानं कंस काढायला लावला. मार्था जागा दाखवी, मामा कंस काढी. दोनशे कागद झाले. टोपी झटकून तो उठला, "येतो, शेठ" म्हणाला आणि सायकल हातात धरून चालत गेला.

पुढे केव्हातरी झाडताना मी सापडलो आणि मोडक्या खिळ्यांच्या डब्यात पडलो. आज ना उद्या वितळवतील. त्याचं मला काही नाही. पण मुलांनो, एखादं म्हातारं माणूस जमिनीवर काही चाचपत असेल तर हसू नका, आणि कुणी रागावेल म्हणून गप्पही बसू नका. उठा, त्याच्या शेजारी वाका. त्या दिवशी एवढं कुणी केलं असतं, तर मी सापडायला क्षणही लागला नसता.