उभ्या गाडीचं इंजिन

अंबादासरावांनी डाव्या हाताच्या बोटाचं नख सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून हळूहळू वर आणलं. तोंडाशी आल्यावर ते अडलं. त्यांनी नख पुन्हा खाली नेलं, पुन्हा वर आणलं. पुन्हा तिथंच अडलं. जिथवर पिस्टनच्या रिंगा घासत होत्या तिथवर धातू झिजला होता आणि वरची न झिजलेली कड पायरीसारखी उरली होती. तिन्ही सिलिंडरांत तीच पायरी. उजवा हात त्यांनी सवयीने खिशात ठेवला होता. लकवा मारल्यापासून तो बारीकसारीक कामाला उपयोगाचा राहिला नव्हता.

"लागली ना पायरी?" विष्णूने विचारलं.

"हं," ते म्हणाले आणि बोट फडक्याला पुसलं.

विष्णूचं गॅरेज मदनमहाल स्टेशनच्या मागच्या गल्लीत होतं. गाड्यांच्या कारखान्यात तो काही वर्षं अंबादासरावांच्या हाताखाली इंजिनं तपासायला होता. मग नोकरी सोडून त्याने स्वतःचं दुकान थाटलं. आता त्याचेच केस पिकले होते, पण अंबादासराव, त्याचे अण्णा, दारात दिसले की तोंडातला तंबाखूचा खर्रा तो अजूनही गटारीत थुंकून येई. अण्णांना हे माहीत होतं आणि ते तेवढा वेळ मुद्दाम दुसरीकडे पाहत.

विष्णूचं म्हणणं सरळ होतं. एक तर हेच इंजिन मशीन शॉपला पाठवायचं, सिलिंडर आतून कोरून, बोअर करून घ्यायचे, नवे पिस्टन आणि रिंगा घालायच्या. त्यात बरेच दिवस जाणार, आणि काम करणाऱ्याचा हात कसा लागेल ते देव जाणे. नाहीतर कटनीहून एका अपघातातल्या गाडीचं इंजिन आलं होतं. ती गाडी मागून ठोकली गेली होती, त्यामुळे पुढचं सगळं धड होतं. ते चढवायचं, आरटीओत नवा इंजिन नंबर टाकून घ्यायचा आणि मोकळं व्हायचं. खर्च दोन्हीकडे सारखाच. अंबादासरावांच्या पुण्यातल्या मुलाने फोनवर तिसराच उपाय सांगितला होता, गाडी विकून टाका म्हणून. पण तो त्याने सगळ्याच बाबतींत सांगून पाहिलेला असल्यामुळे कुणी मनावर घेतलं नव्हतं.

"माझं ऐकाल तर कटनीवालं टाकू, अण्णा," विष्णू म्हणाला. "हे बिचारं थकलं. आता याले काहून छळता?"

"हेच... नीट कर," अंबादासराव म्हणाले. बोलताना मधे अडायला होई, पण शब्द आता सगळे येत होते.

मुळात हे प्रकरण उपटलं ते त्यांच्या बायकोमुळे, कुंदाबाईंमुळे. नवऱ्याला गाडी चालवता येणार नाही हे डॉक्टरने शेवटचं सांगून टाकल्यावर त्या साठीला टेकलेल्या वयात ड्रायव्हिंग शाळेत जाऊ लागल्या. आजूबाजूच्या बायका हसल्या, मग हसून हसून दमल्या, आणि कुंदाबाई लायसन्स घेऊन आल्या. त्यानंतर त्यांनी तीन वर्षं अंगणात उभी असलेली आपली लहान लाल गाडी पहिल्यांदा रस्त्यावर काढली. मदनमहालच्या चढावर गाडीने मान टाकली. मागून निळा धूर असा निघाला की ऑटोवाले नाक धरून बाजूने निघून गेले. तेल जळत होतं, चढायला दम नव्हता. एवढ्या कमी पळालेल्या गाडीचं इंजिन असं झिजावं याचं कुणालाही नवल वाटलं असतं. अंबादासरावांना ते वाटलं नाही. कारण त्यांना कारण माहीत होतं आणि तेच त्यांना कुंदाबाईंच्या कानावर जाऊ द्यायचं नव्हतं.

त्यांना झटका आला तेव्हा निवृत्तीला वर्षही झालं नव्हतं. घरी आणलं तेव्हा उजवी बाजू लुळी आणि जीभ त्याहून लुळी. दिवसदिवस ते भिंतीकडे तोंड करून पडत. कुणी भेटायला आलं तरी वळून पाहत नसत. अशात शेजारच्या श्रीरंग पाटणकरांनी कुंदाबाईंना सल्ला दिला की उभी गाडी सडते, रोज सकाळी थोडा वेळ इंजिन चालू ठेवत जा. पाटणकर बँकेतले, जन्मभर सायकलवर फिरलेले. पण सल्ला द्यायला गाडी असावी लागत नाही. कुंदाबाईंनी तो सल्ला व्रतासारखा घेतला. सडासारवण झालं की त्या गाडीत जाऊन बसत, चोक ओढत, किल्ली फिरवत आणि गाडी अंगणातच धडधडत ठेवून फुलं तोडत, तुळशीला पाणी घालत.

आत पलंगावर अंबादासरावांचा जीव कासावीस होई. त्यांचा जन्म इंजिनं ऐकण्यात गेला होता. थंड इंजिन चोक ओढून उगाच चालू ठेवणाऱ्या पोराला त्यांनी कारखान्यात कधी सोडलं नव्हतं. चोक ओढला की जास्तीचं पेट्रोल आत जातं, ते सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन टाकतं आणि मग रिंगा कोरड्या भिंतीवर घासत राहतात. गाडी पळाली तर इंजिन तापून सावरतं तरी. जागेवर उभी राहिली तर ते नीट तापतही नाही. हे सारं खिडकीपलीकडे रोज घडत होतं आणि त्यांना साधं 'बंद कर' म्हणता येत नव्हतं. त्या संतापात एका सकाळी त्यांनी भिंतीकडची मान खिडकीकडे वळवली.

पुढे काही दिवसांनी त्यांच्या तोंडून शब्द फुटला. त्यांना म्हणायचं होतं, चोक कशाला ओढतेस, बंद कर ते आधी. बाहेर पडला तो एवढाच शब्द: चोक. कुंदाबाईंच्या हातातला तांब्या पडला. त्या धावत खिडकीशी आल्या, तशाच गाडीकडे धावल्या, चोक आत ढकलला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडू लागल्या. गाडी चालूच होती.

तेव्हापासून रोज सकाळी त्या अंगणातून विचारत, आज काय म्हणतं इंजिन? आणि ते आतून एक-एक शब्द शोधून काढत. रेस कमी. प्लग. एक सिलिंडर मारून नाही राहिला. इस्पितळातली मुलगी त्यांना पोपटाची आणि पतंगाची चित्रं दाखवून बोलायला लावी, तेव्हा ते तोंड मिटून बसत. पण इंजिनासाठी त्यांनी जीभ झिजवली. 'उभी चालू ठेवू नको, इंजिन खराब होतं' एवढं पूर्ण वाक्य ज्या दिवशी त्यांना म्हणता आलं असतं, त्या दिवशी त्यांनी ते म्हटलं नाही. पौषातल्या थंडीत शाल गुंडाळून गाडीत जाऊन बसणाऱ्या बाईला ती काय बिघडवते आहे हे सांगायचं कोणत्या तोंडाने? शिवाय त्यांना तो आवाज हवासा झाला होता. सकाळी जाग आली की ते त्याची वाट पाहत पडून राहत.

"विष्णू, तिला सांगू नको," ते आता म्हणाले.

"काय?"

"कशानं झिजलं ते. म्हण... वय झालं. रिंगा गेल्या."

विष्णूच्या हातातलं फडकं थांबलं. तो काही बोलायला गेला, मग त्याने दाराकडे पाहिलं आणि आधीच लख्ख असलेला पाना पुन्हा पुसायला घेतला.

"वहिनीले मी काय सांगणार, अण्णा," एवढंच तो म्हणाला.

अंबादासरावांनी त्याला आपला विचारही समजावून सांगितला. सगळं इंजिनच बदललं तर का बदललं हा प्रश्न आला. दुरुस्ती म्हटली की कुणी खोलात शिरत नाही. विष्णूने मान डोलावली, पण ती फार वेळ डोलावली. हा माणूस काहीतरी हातचं राखून आहे, असं त्यांना क्षणभर वाटून गेलं.

तेवढ्यात ऑटो थांबला. कुंदाबाई बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून अस्तराचं कापड घेऊन परस्पर आल्या होत्या. त्यांनी पिशवी स्टुलावर ठेवली आणि जमिनीवर सुटं करून ठेवलेल्या इंजिनाकडे बराच वेळ पाहिलं. रोज ज्याच्यासमोर बसत होत्या ते त्यांनी आज पहिल्यांदाच पाहिलं.

"काय झालं होतं याला?" त्यांनी विचारलं.

विष्णू नटबोल्टांच्या ताटलीत काहीतरी शोधू लागला. खोटं बोलायचं काम अंबादासरावांवरच आलं, आणि त्यांची जीभ खऱ्यालाही धड साथ देत नव्हती.

"वय," ते म्हणाले. "वयानं... रिंगा. होतं असं. नीट करून घेऊ."

"दुसरं कोणतं आहे म्हणत होते ना तुम्ही, विष्णूभाऊ? कटनीचं?"

"आहे, वहिनी. चांगलं आहे."

"मग तेच टाका."

"हे दुरुस्त होतं," अंबादासराव म्हणाले.

"होत असेल. पण याचं काम झालं," कुंदाबाई म्हणाल्या. "आता मले रस्त्यावर चालणारं पाहिजे. तुम्हाला ग्वारीघाटले नदीवर न्यायचं आहे, दर वेळी ऑटोवाल्यांच्या मिनतवाऱ्या कोण करील?"

मग त्या वाकल्या. हळदीचा डाग पडला तरी दिवसभर चुटपुटणारी ती बाई. तिने पदराचं टोक हातात घेतलं आणि इंजिनाच्या अंगावरचं काळं तेल एका जागी स्वच्छ पुसलं. विष्णू चहा सांगायला म्हणून बाहेर गेला. चहा मात्र आला नाही.

अंबादासराव सुटल्यासारखे झाले. तिने अधिक विचारलं नाही, यातच सगळं आलं. पण घरी परतताना ऑटोत त्यांना वाईट वाटत राहिलं. याचं काम झालं, किती सहज म्हणाली ही. त्या आवाजात आपली जीभ परत आली हे हिच्या ध्यानात तरी आहे का, असं त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि बायकोवर रुसायचं आपलं वय राहिलेलं नाही हेही त्यांना कळत होतं. तरी ते थोडे रुसलेच.

आठवड्याभरात गाडी घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदाबाईंनी आधी फाटक सताड उघडलं. मग नवऱ्याला शेजारच्या सीटवर बसवलं, त्यांचा उजवा हात उचलून मांडीवर ठेवला, पट्टा लावला. स्वतः बसल्यावर चोक ओढला आणि किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. आवाज परका होता, पण चांगला होता. तिन्ही सिलिंडर एका सुरात होते. कुंदाबाईंनी लगेच क्लच दाबून पहिला गिअर टाकला.

उभी चालू ठेवल्याने काही बिघडत नाही, हे अंबादासरावांनी तीन वर्षं जपलेलं सोंग एकदम टाकून देणं बरं दिसलं नसतं.

"थांब," अंबादासराव म्हणाले. "थोडी... चालू राहू दे. नेहमीसारखी."

"नाही. उभी चालू ठेवली की इंजिन खराब होतं."

ते वळून कुंदाबाईंकडे पाहू लागले.

"कोणी सांगितलं?"

"विष्णूभाऊंनी."

"आत्ता? गॅरेजमध्ये?"

"आत्ता कुठे?" कुंदाबाई आरशात मागचं पाहत म्हणाल्या. "तुम्ही चोक म्हणालात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. तुम्हाला पाहायला आले होते. गाडी चालूच होती. म्हणे, वहिनी, बंद करा, इंजिन संपून राहिलं."

"मग?"

"मग काय? मी म्हटलं, संपू द्या."

त्यांनी क्लच सोडला. गाडीला एक हिसका बसला, आणि ती फाटकातून रस्त्यावर आली. पाटणकर फाटकाशी उभे राहून काहीतरी सांगत होते, पण काच वर होती. अंबादासरावांच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. एकही शब्द बाहेर पडेना, आणि या वेळी दोष जिभेचा नव्हता. समोर मदनमहालचा चढ लागला. गाडी तो धूर न सोडता चढू लागली.

अर्ध्या चढावर त्यांनी डावा हात स्टिअरिंगखालच्या खटक्याकडे केला.

"चोक," ते म्हणाले.

"हो," म्हणत कुंदाबाईंनी तो आत ढकलला.